सोलरवाला सर्व्हेला मे महिन्यात आला होता : आमच्या सोसायटीच्या १० किलोवॉट प्लांटचा रिव्ह्यू

सोसायटीच्या गच्चीवर सोलर चालू होऊन सव्वा वर्ष झालं. एक अख्खा उन्हाळा, एक पावसाळा आणि दोन डिसेंबर बघून झाले, म्हणून आता लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर डोळे मिटून पाच स्टार दिले असते. आज साडेतीन देतोय, आणि त्यातले तीन तर उन्हाचेच आहेत.

कंपनीचं नाव देणार नाही. अर्ध्या चुका आमच्याही होत्या, आणि जे आमच्याकडे झालं ते कुणाकडेही होऊ शकतं, म्हणून नावापेक्षा काय झालं ते वाचा.

आधी आमची माहिती. पाचपाखाडी, ठाणे. स्टिल्ट आणि वर सात मजले, २८ फ्लॅट, एक लिफ्ट, दोन पंप, जिन्याचे आणि पार्किंगचे दिवे. कॉमन मीटरला महिन्याला साधारण ११०० युनिट जायचे आणि बिल वीस हजाराच्या आसपास यायचं, कारण वरच्या स्लॅबमधला युनिट फार महाग पडतो. मी खजिनदार. म्हणजे बिल भरताना शिव्या देण्याचं काम माझं.

२०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली आणि सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी कुणीतरी '७८ हजार सबसिडी'चा फॉरवर्ड टाकायला लागलं. ते ७८ हजार एकट्या घराला मिळतात, म्हणजे पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८. हाउसिंग सोसायटीच्या कॉमन कामाला किलोवॉटमागे १८ हजार. आमचे दहा किलोवॉट म्हणजे १ लाख ८० हजार. हे समजवायला मला दोन मीटिंग लागल्या, कारण निम्म्या लोकांना वाटत होतं की प्रत्येक फ्लॅटला ७८ हजार येणार आणि घरचं बिलही शून्य होणार. घरच्या बिलाचा इथे काहीही संबंध नाही बाबांनो, कॉमन मीटरचंच बिल कमी होतं. अजूनही पाचव्या मजल्यावरच्या एक काकू महिन्यातून एकदा विचारतात, आमचं कधी कमी होणार?

मीटिंग मात्र बघण्यासारखी झाली. एकाचं म्हणणं, 'आपल्याकडे सोलर आहेच की.' ते खरंही होतं, बिल्डरने बसवलेले सोलर वॉटर हीटर गच्चीवर होतेच, दहा-बारा वर्षं बंद पडलेले, काचेच्या नळ्या फुटलेल्या, स्टँड गंजलेला. त्यात फक्त पाणी तापतं, वीज नाही होत, हे सांगितल्यावर ते म्हणाले मग हे नवीन पण तसंच बंद पडेल. (तो सगळा सांगाडा शेवटी भंगारवाल्याने साडेचार हजाराला नेला.) दुसऱ्या एका काकांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, गच्चीवर बसवायची छोटी पवनचक्की, म्हणे ऊन रात्री नसतं, वारा रात्रीही असतो. मुद्दा चुकीचा नाही. पण वाऱ्याचं गणित क्रूर आहे, वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. साताऱ्याजवळ ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या लागतात, तिथे उघड्या डोंगरमाथ्यावर वारा नुसता ढकलून देतो माणसाला. पाचपाखाडीत चारी बाजूंनी टॉवर, वारा येतो तो कुठल्यातरी भिंतीवर आपटून गरगरत येतो, आणि पावसाळ्याचे महिने सोडले तर दुपारी गच्चीवर वाळत घातलेला टॉवेलसुद्धा हलत नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका, यांचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. त्यांनी विचारलं, 'रात्री आवाज किती येईल?' सगळे हसले. पण त्यांची शंका रास्त होती, कारण त्यांनी नोकरीत जनरेटर बघितलेले. वीज म्हटली की काहीतरी फिरायलाच हवं. आणि खरंच, सोलर पॅनल सोडलं तर जवळजवळ सगळीकडे तेच आहे. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून खाली सोडून टर्बाइन फिरवतात, साखर कारखान्यात उसाचा चोथा जाळून वाफेवर फिरवतात, तारापूरला अणूच्या उष्णतेने केलेल्या वाफेवर, चाळकेवाडीला वाऱ्यावर. टर्बाइनला जोडलेलं चुंबक तारेच्या वेटोळ्यात फिरलं की वीज, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं आणि अजून तेच चालू आहे. पॅनलमध्ये मात्र फिरत काहीच नाही. सिलिकॉनचा पातळ काप, एका बाजूला फॉस्फरस मिसळलेला, दुसऱ्या बाजूला बोरॉन, मधल्या सीमेवर आपोआप एक ढकलणारं क्षेत्र तयार होतं. उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि हे क्षेत्र त्याला एकाच दिशेला हाकलतं. बस. ना तेल, ना ग्रीस, ना आवाज. काका म्हणाले मग बिघडणार काय? यावर सेल्सवाला म्हणाला, 'काहीच नाही सर, पंचवीस वर्षं.' याच वाक्याला आम्ही भुललो.

आता मुद्द्याचं. सर्व्हे.

कंपनीचा इंजिनिअर आला १७ मे २०२४ ला, दुपारी साडेबारा वाजता. टेप लावली, मोबाईलवर कंपास बघितला, फोटो काढले, लिंबू सरबत प्यायला, 'एक नंबर गच्ची आहे सर, कुठेच सावली नाही' म्हणाला आणि गेला. मी स्वतः बाजूला उभा होतो. मलाही सावली दिसली नाही. दिसणार कशी? ठाणं १९.२ अंश उत्तरेला आहे, मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, पेपरात शून्य सावलीचा दिवस म्हणून दरवर्षी फोटो येतात ना, बाटली उभी केलेली, तेच दिवस. त्या वेळी कुतुबमिनार जरी गच्चीवर असता तरी त्याची सावली त्याच्याच पायाशी पडली असती.

आमच्या गच्चीवर दक्षिण बाजूला लिफ्ट रूम आहे आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी, मिळून वीसेक फूट तरी. कंपनीने पॅनल मांडले तिच्या बरोबर मागे, उत्तरेला, कारण तिथे मोकळी जागा आयती होती. पॅनल जमिनीपासून आठ फुटांवर, म्हणजे टाकी त्यांच्याही वर बारा-तेरा फूट. डिसेंबरात सूर्य इतका दक्षिणेला जातो की आपल्याकडे भर दुपारीही तो फक्त ४७ अंशांवर असतो, तेव्हा त्या टाकीची सावली दुपारी बारालाही बारा फूट उत्तरेला लांबते आणि सकाळी-संध्याकाळी त्याहून किती तरी जास्त. हे शाळेत शिकलेलं भूगोलाचं गणित आहे, दक्षिणायन-उत्तरायण. संक्रांतीला तिळगूळ सगळे खातो पण सूर्य सरकतो म्हणजे गच्चीवर नक्की काय होतं ते कुणी बघत नाही. मीही नाही बघितलं.

फिटिंग दसऱ्यानंतर सुरू झालं. इथे मात्र पैकीच्या पैकी मार्क. १९ पॅनल, प्रत्येकी ५४० वॉट, भारतात बनलेल्या सेलचे (सबसिडी हवी तर ते सक्तीचंच आहे, डीसीआर म्हणतात), हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (गंजू नये म्हणून जस्तात बुडवून काढलेलं) लोखंडी स्ट्रक्चर. स्लॅबला एकही भोक पाडलं नाही, काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर पाय उभे केले. सातव्या मजल्यावरच्या वहिनी रोज वर येऊन बघून जायच्या, त्यांच्या बेडरूमचं छत आधीच दोनदा गळून झालंय. निसर्ग वादळात २०२० ला शेजारच्या बिल्डिंगचे पत्रे उडून आमच्या पार्किंगमध्ये पडलेले, त्यामुळे 'हे उडालं तर?' हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. त्यांच्या फोरमनने शांतपणे सगळ्यांना ठोकळ्यांचं वजन आणि बोल्ट दाखवले. लाइटनिंग अरेस्टर, तीन वेगळे अर्थिंग, डीसीच्या लाल-काळ्या वायरी पाइपातून, सगळं नीट. पोरं मेहनती होती, दुपारी आमच्याच गच्चीवर डबा खायची आणि जाताना झाडून जायची. त्या पोरांना माझ्याकडून पाच स्टार, कंपनीत त्यांना पगार किती देतात कुणास ठाऊक.

स्ट्रक्चर आठ फूट उंच घ्यायचा हट्ट बायकांचा होता, कारण कमी उंचीवर घेतलं असतं तर पापड-कुरडयांच्या वाळवणाची जागा गेली असती. त्याने खर्च वाढला, एकूण ६ लाख ३० हजार पडले, एफडी मोडली. पण खरं सांगू, सगळ्यात मोठा फायदा तोच झाला. पॅनलखाली आता मस्त मांडव झालाय, संध्याकाळी आजी-आजोबा तिथे बसतात, आणि वाळवण बाजूच्या उन्हात.

मग कागदपत्रं. इथे कंपनीने हात वर केले. योजनेच्या पोर्टलवर अर्ज करायला बिल ज्याच्या नावावर तोच अर्जदार लागतो, आणि आमचं कॉमन मीटरचं बिल अजून बिल्डरच्या नावावर! वीस वर्षं कुणी बघितलंच नव्हतं. नाव बदलायला सव्वा महिना गेला. मग कळलं मंजूर लोड आठ किलोवॉट आहे आणि प्लांट दहाचा, तो वाढवून घ्या. हे बिल कंपनीने मे महिन्यात व्हॉट्सअपवर मागून घेतलेलं, पहिल्याच पानावर दोन्ही गोष्टी छापलेल्या होत्या, पण त्यांनी ते उघडून बघितलं ते ऑक्टोबरात. माझा सल्ला, ॲडव्हान्स देण्याआधी बिल हातात घ्या, नाव बघा, लोड बघा.

नेट मीटर लागला डिसेंबरच्या मध्याला. हा मीटर दोन्हीकडचं मोजतो, बाहेरून किती घेतली आणि बाहेर किती दिली. दिवसा आपल्या पंपाला लागून उरलेली वीज बाहेर जाते, रात्री तेवढी परत घेता येते, बिल फक्त फरकाचं. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात पण ३१ मार्चला तो हिशेब बंद होतो आणि शिल्लक युनिटचे पैसे अगदी किरकोळ दराने मिळतात. म्हणून गरजेपेक्षा मोठा प्लांट घेऊ नका. कंपनीने आम्हाला पंधरा किलोवॉटचा आग्रह धरला होता, बरं झालं ऐकलं नाही.

चालू झाला त्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले. संध्याकाळी ॲपवर आकडा, २९ युनिट. कंपनीने सांगितलेलं रोजचे चाळीस. म्हटलं पहिला दिवस आहे. दुसऱ्या दिवशी ३०. तिसऱ्या दिवशी २९. आकाश कसं, तर स्वच्छ निळं, थंडीचं, ढग औषधालाही नाही.

चौथ्या दिवशी सुट्टी टाकून सकाळपासून गच्चीवर बसलो आणि तेव्हा बघितलं, टाकीची सावली मागच्या तीन-चार पॅनलवर अशी सरकत होती की जणू कुणी चादर ओढतंय. तीनच पॅनलवर सावली, मग इतकं नुकसान का? हे मला भाच्याने समजावलं, तो इलेक्ट्रिकल डिप्लोमा करतोय. एक सेल फक्त अर्धा व्होल्ट देते. पॅनलमध्ये त्या माळेसारख्या जोडून चाळीसेक व्होल्ट करतात, मग दहा पॅनल परत माळेत जोडून चारशेच्या वर, तेव्हा कुठे इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज आपल्या वापराच्या एसीत बदलणारी पेटी) खूश होतो. माळेत करंट सगळ्यांमधून एकच वाहतो. ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीच्या वेळी पुढे एक जण तुटलेली चप्पल बघायला वाकला की मागची सगळी रांग थांबते, तसं. पॅनलच्या मागे डायोड असतात, ते अडलेल्या भागाला बाजूने वाट काढून देतात, पण त्या भागाची वीज तर गेलीच आणि माळेचं व्होल्टेजही घसरतं. आमच्या ॲपवर दोन माळा वेगवेगळ्या दिसतात. सकाळी दहाला दहा पॅनलवाली साडेतीन किलोवॉट देत होती आणि नऊ पॅनलवाली दीड.

कंपनीला फोन. 'सर, विंटर आहे ना, विंटरमध्ये कमीच येतं.' फोटो पाठवले. 'टीमला फॉरवर्ड केलंय सर.' जानेवारी गेला. मग सर्व्हिसचा माणूस उगवला फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि तोपर्यंत सूर्य बिचारा आपणहून उत्तरेला सरकला होता, सावली जवळजवळ पॅनलच्या बाहेर. तो मला म्हणतो, 'बघा सर, प्रॉब्लेम तर राहिलाच नाही!' मी त्याला खाली नेऊन चहा पाजला आणि कालनिर्णयवर २१ जून, २२ डिसेंबर दाखवून पृथ्वी कशी कलती आहे ते समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग साहेबांना काय सांगू?'

शेवटी लेखी तक्रार, पाच वर्षांच्या मेंटेनन्सच्या कराराचा कागद जोडून, तेव्हा ऑक्टोबरात येऊन चार पॅनल तिथून काढून पश्चिमेच्या टोकाला नेले. एक नया पैसा घेतला नाही हेही सांगायला हवं. या डिसेंबरात रोजचे ३७-३८ युनिट आले. म्हणजे गच्ची तीच, ऊन तेच, फक्त चार पॅनल पंधरा फूट सरकवले.

दुसरी तक्रार लिफ्टची. सेल्सवाल्याने मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलेलं की लाइट गेले तरी दिवसा लिफ्ट चालेल. एप्रिलमध्ये भर दुपारी लाइट गेले, वर ऊन असं की पॅनलला हात लावला तर चटका बसेल, आणि लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी भाजीच्या पिशव्या घेऊन खाली बसून राहिल्या, आणि मी त्यांना काय उत्तर देणार. इथे सोलरचा दोष नाही, खोटं सांगणाऱ्याचा आहे. साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर बाहेरच्या विजेच्या ५० सायकलच्या ठेक्याला ठेका मिळवून चालतो, बाहेरची वीज गेली की तो मुद्दाम बंद होतो. नाहीतर खाली वायरमन 'लाइन बंद आहे' समजून तारेला हात लावेल आणि आमच्या गच्चीवरची वीज त्याला लागेल. लाइट गेल्यावर चालणारं हवं तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी, आणि लिफ्टची मोटर सुरू होताना मारते तो झटका पेलायचा तर बॅटरीही तशीच दांडगी. आम्ही परवडत नाही म्हणून सोडलं.

याचवरून ते पवनचक्कीवाले काका म्हणाले होते की मग सरकार दिवसाची वीज कुठे साठवतं? आपल्याच जिल्ह्यात साठवायची सोय आहे, शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याजवळ, घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प. वीज जास्त असेल तेव्हा खालचं पाणी पंपाने घाटावर चढवायचं, गरज पडली की तेच खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. म्हणजे डोंगराचीच बॅटरी. काका इतके खूश झाले की पुढच्या महिन्यात गाडी काढून कुटुंबासकट घाटघरला जाऊन आले, कोकणकडा बघून आले, प्रकल्प राहिलाच.

आता आकडे, कारण ते कुणी देत नाही. २०२५ च्या पूर्ण वर्षात १२,३०० युनिट झाले. कंपनीच्या कोटेशनमध्ये पंधरा हजार लिहिले होते. मार्च-एप्रिल सगळ्यात भारी, १३०० च्या वर. मे तितका नाही, कारण त्या वर्षी पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन धडकला. जुलै-ऑगस्टमध्ये साडेसहाशेच्या आसपास. ढगातूनही वीज होते हे बघून लोकांना आश्चर्य वाटतं, पण होते. आणि गंमत म्हणजे कडक उन्हाने पॅनल खूश होत नाही. लेबलवरचे ५४० वॉट हे २५ अंश तापमानाला मोजलेले असतात, आमच्या गच्चीवर मे महिन्यात पॅनल पासष्टपर्यंत तापतं, अंशाला ०.३५ टक्के धरलं तरी १४ टक्के तिथेच गेले. त्यामुळे दहा किलोवॉटच्या इन्व्हर्टरवर दहाचा आकडा मी आजवर बघितलेला नाही, आठ-सव्वाआठ झाले की सोहळा. सेल्सवाला 'जर्मन टेक्नॉलॉजी, शंभर टक्के एफिशियन्सी' म्हणाला होता. १९५४ मध्ये अमेरिकेत बेल लॅबने पहिली कामाची सिलिकॉन सेल केली तेव्हा सहा टक्के ऊन विजेत उतरत होतं, आमच्या पॅनलचं क्षेत्रफळ मोजून भागाकार केला तर २१ येतात. मला २१ सुद्धा भरपूर वाटतात, उगाच शंभर कशाला.

बिल म्हणाल तर वीस हजाराचं कोरड्या महिन्यांत हजार-बाराशे झालं, जुलैमध्ये सात-साडेसात. सबसिडीही मार्चमध्ये आली, पूर्ण १ लाख ८० हजार. म्हणजे आमच्या खिशातले साडेचार लाख, आणि वर्षाला दोन लाखांच्या आसपास वाचतात. कंपनी दीड वर्षात वसूल म्हणाली होती, सव्वादोन लागतील. तक्रार नाही. मेंटेनन्स कमी करा अशी मागणी आलीच, ती कमिटीने रंगकामाच्या फंडात बुडवली, त्याचा रिव्ह्यू वेगळा लिहावा लागेल.

धुण्याबद्दल. घोडबंदर काय, पाचपाखाडी काय, सगळीकडे बांधकामं, धूळ इतकी की आठ दिवसांत पॅनल पिठाच्या गिरणीसारखे दिसतात. त्यात कबुतरं. एका विष्ठेच्या ठिपक्याखालची सेल तापून डाग पडू शकतो. कंपनीच्या करारात वर्षाला चार वेळा धुणं होतं, ते दोनदाच आले, तेही दुपारी दोन वाजता, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायला निघाले होते, मी हाकलून दिलं. आता आमचा वॉचमन महिन्यातून दोनदा सकाळी सहाला लांब काठीच्या मॉपने पुसतो, त्याला वेगळे पाचशे. टँकरचं पाणी वापरू नका, क्षाराचे पांढरे डाग बसतात ते निघत नाहीत. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी दोन-तीन युनिट वाढलेले ॲपवर दिसतात, त्या दिवशी वॉचमन स्वतः येऊन विचारतो, साहेब किती झाले.

एवढं करून बसवा असं सांगाल का, तर हो, सांगेन. फक्त सर्व्हे डिसेंबरात करून घ्या, किंवा निदान विचारा की २२ डिसेंबरला सकाळी नऊ ते दुपारी चार सावली कुठे पडणार त्याचं चित्र द्या. सॉफ्टवेअरवर पाच मिनिटांत निघतं. जो देणार नाही त्याला लिंबू सरबत देऊ नका.

एक राहिलंच. रिडेव्हलपमेंट. मीटिंगमध्ये एकाने विचारलेलं की आपलीच बिल्डिंग पाच-सात वर्षांत पाडायला गेली तर? त्याचं उत्तर सोपं होतं, बोल्ट उघडून पॅनल नव्या गच्चीवर नेता येतात, आणि तोवर पैसे वसूल. पण शेजारच्यांचा विचार कुणी केला नव्हता. पश्चिमेची चार मजली बिल्डिंग पाडली, तिथे चोवीस मजल्यांचा टॉवर येतोय. आणि टाकीच्या सावलीतून काढून आम्ही ते चार पॅनल नेले ते नेमके पश्चिमेच्याच टोकाला. अजून स्लॅब नववा पडलाय. गेल्या रविवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी त्याची सावली आमच्या कठड्यावरून आत आली आणि शेवटच्या पॅनलच्या कोपऱ्याला लागली. मी खाली फरशीवर खडूने रेघ मारून तारीख लिहून ठेवलीय.